जुन्या बाजारातली कपबशी: तडा कसा ओळखायचा आणि चहा प्यावा का?

बशीवाली:
गेल्या रविवारी पहिल्यांदाच पुण्याच्या जुन्या बाजारात गेले, मंगळवार पेठेतला, बुधवार-रविवारी भरतो तो. नवरा कुठलातरी पाना शोधत होता आणि मी ताडपत्रीसमोर उकिडवी बसून कपबश्या उचकत होते. गंजके नळ, रिमोट, बिनझाकणाचे मिक्सर आणि त्यात मधेच हा एक कप, कागदासारखा पातळ, अंगावर उठावाचा राखाडी ड्रॅगन, बुडाला 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. चारशे सांगितले, घासाघीस करून बशीसकट दीडशेला आणला. घरी सासूबाई म्हणाल्या, "कुणाचा उष्टा कप गं हा?" तर आता सांगा, बारीक तडा असेल तर तो तिथल्या तिथे कळतो कसा, आणि यातून चहा प्यायलेला चालतो का?

कुंभारवेस:
दीडशेत भारी मिळाला की! जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेव्हाचा शिक्का आहे तो, निर्यातीच्या मालावर साधारण १९४७ ते १९५२ मधे मारायचे. पण खोटे शिक्केही असतात बरं का. नेलपेंट रिमूव्हर कापसावर घेऊन पुसून बघ, खरा शिक्का ग्लेझखाली (वरच्या काचेसारख्या चकचकीत थराखाली) असेल तर हलणार नाही. आणि एक गंमत, कप उजेडाकडे धर आणि आतून बुडाकडे बघ. अशा ड्रॅगनवाल्या काही कपांत बाईचा चेहरा दिसतो, तिथे चिनीमाती कमीजास्त जाड ठेवलेली असते त्यामुळे. सगळ्यांत नसतो, त्यामुळे नाही दिसला तर मला शिव्या नकोत.

डोंगरीचा:
तडा बघायला कप तळहातावर ठेवायचा आणि नखाने टिचकी मारायची. टण्ण वाजला तर बरा, थद्द वाजला तर ठेवून दे. मी चोर बाजारातून (दुकानं शुक्रवारी बंद, पण पहाटे रस्त्यावर भंगार मांडतात ते वेगळं) लोणच्याची बरणी आणली होती, तपकिरी-पांढरी, घाईत वाजवून बघितलीच नाही. चार दिवसांनी फडताळात तेलाचं तळं. तडा चिकटवून वरून रंग मारला होता लेकाने! तेव्हापासून मोबाईलचा टॉर्च आत घालून बघतो. कानाचा जोड तर आधी बघावा, गरम चहासकट कान हातात आला म्हणजे कळेल.

बर्मिंगहॅमकर:
इथे रविवारी कार बूट सेलला (लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात तो बाजार) असे कप ढिगाने असतात, आजी गेली की नातवंडं सगळा सेट काढून टाकतात. उष्ट्याचं म्हणाल तर गरम पाण्यात साबणाने धुतला की झालं, डाग सोडा लावून जातात. पण जुन्या कपांत ग्लेझच्या वर दिलेल्या रंगात शिसं, कॅडमियम असू शकतं. रोज त्यातून पिऊ नका, लिंबूवाला चहा तर नकोच, आंबटाने ते जास्त सुटतं. सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्हमधे ठिणग्या उडतात (अनुभव आहे, विचारू नका).

बशीवाली:
कुंभारवेस, दिसली हो बाई!! अंबाडा घातलेली. शिक्का पण पुसला गेला नाही. सासूबाईंनी चष्मा लावून खिडकीशी तीनदा बघितली, म्हणाल्या छान आहे, पण मी चहा माझ्या स्टीलच्या कपातच घेणार.