मदत हवी आहे: किलमोडा म्हणजे नेमकी कुठली दारुहळद?

नमस्कार मंडळी. मे अखेरीस उत्तराखंडात, कुमाऊँत मुक्तेश्वरला गेले होते. वाटेत गावातली पोरं एका काटेरी झुडपाची निळी-काळी फळं मूठमूठ खात होती. "किलमोडा," म्हणाली. मीही खाल्ली. आंबटगोड, आणि जीभ जांभळी! मोडलेली फांदी नखाने खरवडली तर आत पिवळंधमक लाकूड. दारुहळद, म्हणजे पिवळ्या लाकडाची औषधी बर्बेरिस, सापडली म्हणून मी खूश. (हळदीशी हिचं नातं नाही हो, हळद आल्याच्या कुळातली, ही बर्बेरिडेसी कुळातली.)

घरी येऊन फोटो बघितले आणि घोळ झाला. तिकडे बर्बेरिस अरिस्टाटा, एशियाटिका, लायसियम अशा बऱ्याच जाती आहेत, आणि किलमोडा हे नाव एकीलाच चिकटलेलं नाही.

माझ्या झुडपाचं पान जाड, कडक, कडेला मोजके काटेरी दात. पाठ पांढुरकी, त्यावर शिरांची जाळी ठसठशीत. पानांच्या झुबक्याखाली तीन टोकांचा काटा. फळावर द्राक्षासारखी पांढरी पूड, टोकाला कुक्षीवृंताचा (फुलातल्या स्त्रीकेसराच्या दांड्याचा) बारीक खुंट.

पाठीवरून मला एशियाटिका वाटतेय, कारण अरिस्टाटाचं पान खालून हिरवं असतं. लायसियमचीही पाठ फिकट, पण पान अरुंद. फुलांचा हंगाम हुकला, नाहीतर तुरा लांब की आखूड ते कळलं असतं.

फुलांशिवाय, नुसत्या पान-फळावरून जात पक्की करता येते का? वहीत दाबलेली दोन पानं आहेत. कुठल्या भागाचा जवळून फोटो टाकू?