चेक इंजिनची लाइट उडवली तरी परत लागते, कोड पी०१७१. ऑक्सिजन सेन्सर बदलू का?

राम राम मंडळी. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, ७८,००० किमी झालेली. गाव घाटंजी तालुक्यात. स्कॅनरवालं गॅरेज यवतमाळलाच, म्हणून दरवेळी चक्कर मारणं परवडत नाही.

वेचणीच्या धावपळीत गाडी बारा-तेरा दिवस जागची हलली नाही. पडवीत उभी, शेजारी कापसाचा ढीग. भाव चढेल म्हणून कापूस अजून घरातच आहे, तो रडगाण्याचा विषय वेगळा. मग सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला चाबी फिरवली, तर गाडी सुरू झाली पण स्लोवर (रेस न देता) थरथरायला लागली आणि मीटरमध्ये पिवळी इंजिनची लाइट. लाइट स्थिर आहे, लुकलुकत नाही. रस्त्यावर पिकअप बरा वाटतो.

मेकॅनिकनं स्कॅनर लावला, कोड उडवला, ३०० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी लाइट परत हजर. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे ऑक्सिजन सेन्सर गेला, सहा हजार लागतील. शेजारचे काका म्हणतात ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा प्रताप. दोघंही ठाम, म्हणून मी ब्लूटूथचा डोंगल मागवला. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं, त्यात खोचून मोबाईलवर पाहिलं. कोड एकच, पी०१७१. इंजिन गरम असताना हे आकडे (ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते; शॉर्ट त्या क्षणाची, लाँग मुरलेली):

स्लोवर: शॉर्ट ट्रिम +९, लाँग ट्रिम +२१
२,५०० आरपीएमला: शॉर्ट +२, लाँग +५

सहा हजार घालू की थांबू? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

प्रतिसाद १
भाऊ, सेन्सर बिचारा तक्रार सांगून रायला, त्यालेच काहून काढता? पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जाते, तरी धुरात ऑक्सिजन उरतेच, मग हात टेकून लाइट लावते. तुमच्या आकड्यांची बेरीज स्लोवर ३० आहे अन् रेस दिली की ७. कुठूनतरी चोरटी हवा शिरत असली की असंच दिसते. स्लोवर इंजिन हवाच थोडी घेते, त्यात ती फट मोठी ठरते. रेसवर हवा भरपूर, फट किरकोळ होऊन जाते. उलट रेसवर आकडा चढला असता तर मी पेट्रोल पंप नाहीतर फिल्टर पाहा म्हटलं असतं.

ई-२०नं ट्रिम थोडी वर जाते हे खरं, पण ती सगळ्या आरपीएमला सारखीच जाईल. ३० अन् ७ असा फरक पेट्रोल करत नाही.

लाइट लुकलुकायला लागली तर मात्र गाडी बाजूला घ्या. तेव्हा मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, अन् तो भाग तुमच्या सहा हजारांत येत नाही.

प्रतिसाद २
आधी एक सांगा, एअर फिल्टरच्या डब्यापुढच्या पाइपवर वायरवाला सेन्सर आहे का? म्हणजे मॅफ, आत जाणारी हवा मोजणारा. काही गाड्यांत तो नसतो, मॅनिफोल्डवर (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या भागावर) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तशा गाडीत चोरटी हवासुद्धा मोजली जाते, म्हणून पी०१७१सारख्या लीन (पेट्रोल कमी) कोडऐवजी स्लो आरपीएम चढलेला दिसतो. आणि कोड उडवणं म्हणजे पुरावा पुसणं. लाइट लागली त्या क्षणाचं तापमान, आरपीएम, लोड असं सगळं फ्रीझ फ्रेममध्ये असतं, तेही गेलं. यापुढे आधी फोटो काढा.

धागाकर्ता
मॅफ आहे. आता फट शोधायची कशी? व्हिडिओत कार्ब क्लीनर मारून दाखवतात.

प्रतिसाद १
गरम मॅनिफोल्डवर पेट बसेल, ते नका करू. फवारणी पंपाची जुनी नळी असेलच घरी. एक टोक कानाला, दुसरं टोक इंजिनवरच्या रबरी नळ्यांजवळून फिरवा. ब्रेक बूस्टरची नळी, व्हॉल्व्ह कव्हरवरून निघणारी पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत नेणारी) नळी, सगळे सांधे. सूंऽ आवाज आला तिथं थांबा. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा बरं, रेडिएटरचा पंखा कधीही फिरते.

धागाकर्ता
सापडलं राजेहो! नळीची गरजच पडली नाही. बोनेटमध्ये मागच्या बाजूला टॉर्च मारला तर बॅटरीच्या खाली कापसाचा बोळा आणि सरकीची टरफलं. उंदरानं घर केलंय. पीसीव्हीची नळी खालच्या अंगानं कुरतडलेली, करंगळीचं टोक जाईल एवढं भोक, कडेला दातांच्या बारीक रेघा. वरून पाहिलं तर नळी एकदम धडधाकट. वायरिंग पूर्ण तपासलं, एका वायरीचं वरचं आवरण सोललंय, तांबं शाबूत.

भोकावर तात्पुरती टेप गुंडाळली. थरथर गेली, स्लोवर शॉर्ट ट्रिम उणे १२ झाली आणि लाँग हळूहळू उतरतेय, सकाळी +११ होती. नवी नळी मागवली आहे. लाइट अजून आहे, डोंगलनं उडवू का?

प्रतिसाद २
राहू द्या. बिघाड सलग तीन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दिसला नाही की लाइट आपोआप विझते. तशी विझली म्हणजे काम पक्कं. टेप तेलानं सुटते, नळी आली की लगेच बदला. सोललेल्या वायरीवर इन्सुलेशन टेप आजच लावा.

धागाकर्ता
काल घाटंजीहून येताना लाइट विझली. कापूस विकेपर्यंत गाडी अंगणात, पडवीपासून लांब.