सगळ्या इमेज सीएमवायकेमध्येच एक्सपोर्ट करायच्या?

टिंबटिंब: ‘छपाई असो की स्क्रीन, सरसकट सीएमवायके करा, रंग कुठेही बदलत नाहीत’ हा सल्ला इथे दिला गेलाय आणि लोक तो उचलतायत, म्हणून सविस्तर लिहितेय. सीएमवायकेचे आकडे म्हणजे छपाईच्या चार शायांचं (सी निळसर, एम किरमिजी, वाय पिवळी, के काळी) टक्क्यांतलं प्रमाण. कोणती शाई, कोणता कागद हे सांगणारं प्रोफाइल सोबत नसेल तर त्या आकड्यांना ठरावीक रंगच नसतो. आरजीबीचा, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा, ०, ०, २५५ निळा रूपांतरात जांभळट होतो, झगझगीत पोपटी मलूल पडतो, आणि परत आरजीबी केलं तरी गेलेला रंग येत नाही. पीएनजीत तर सीएमवायके बसतच नाही. स्क्रीनसाठी एसआरजीबीत (स्क्रीनच्या नेहमीच्या आरजीबी प्रोफाइलमध्ये) कन्व्हर्ट करा, प्रोफाइल एम्बेड करा, विषय संपला.

चौरंग: स्क्रीनपुरता संपला. छपाईचं काय? आरजीबी फाइल गेली की काळ्या मजकुराची वाट लागते. ०, ०, ० चा काळा स्वॉप कोटेड (लेप दिलेल्या कागदाच्या) प्रोफाइलमध्ये सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० होतो. बारीक अक्षर चार प्लेटांवर, दर शाईची एक! रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं की अक्षराला रंगीत किनार.

टिंबटिंब: मुळात मजकूर इमेजमध्ये ठेवायचाच कशाला? तो लेआउटमध्ये व्हेक्टर (पिक्सेल नव्हे, आकाररेषा) ठेवा, नुसता के १००, ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच काळा छापणं) चालू. इथे प्रश्न इमेजचा आहे.

शाईदौत: काळ्यावर आलाच आहात तर ऐका. मोठ्या काळ्या पट्ट्याला नुसता के १०० दिला तर तो करडा दिसतो. तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० द्या. चारही शाया १०० करणारे महाभाग आहेत. ४०० टक्के शाई वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

चौरंग: तुमचं प्रमाणही २४० टक्के होतं. फोग्रा ३९ या प्रोफाइलच्या कोटेड कागदाला ३३० पर्यंत चालतं, पण न्यूजप्रिंटची मर्यादाच २४० च्या आसपास. कागद न विचारता असे फॉर्म्युले वाटू नका.

शाईदौत: मी मोठ्या पट्ट्यापुरतं एक प्रमाण दिलं, सगळ्या कागदांचा फॉर्म्युला नाही. नसलेले शब्द माझ्या तोंडी घालू नका. न्यूजप्रिंटला कमी करावं लागेल, हे मान्य.

टिंबटिंब: काळा रंग बाजूला ठेवून मूळ मुद्द्यावर या. छपाईसाठीच्या पीडीएफच्या पीडीएफ/एक्स-४ या प्रकारात प्रोफाइलसकट आरजीबी फोटो चालतो, रूपांतर शेवटी एकदाच होतं. उद्या कागद बदलला तर मूळ फोटो शाबूत. एक्स-१ए या दुसऱ्या प्रकारात मात्र आरजीबी चालतच नाही.

चौरंग: प्रेस एक्स-४ घेत असेल तर फोटो आरजीबी जाऊ द्या, एवढं मानतो. पण प्रेसकडून प्रोफाइल आधी मागवा, ते फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये लावा आणि कंट्रोल-वाय दाबून छपाईत रंग कसे दिसतील ते बघा. कंट्रोल-शिफ्ट-वायने छपाईत न बसणारे भाग करडे दिसतात. हे न करता पाठवलेल्या फाइलचा दोष प्रेसच्या माथी मारू नका.

कोरापान: मेनूत असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल दोन्ही आहेत. अडोबी आरजीबीतला (एसआरजीबीहून जास्त रंग मावणाऱ्या प्रोफाइलमधला) फोटो स्क्रीनसाठी द्यायचाय. कोणतं?

टिंबटिंब: कन्व्हर्ट. त्यात आकडे बदलतात, दिसणं शक्यतो तेच राहतं. असाइनमध्ये आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं. अडोबी आरजीबीच्या फोटोला एसआरजीबी असाइन केलंत तर चेहरे फिके पडतील. असाइन फक्त प्रोफाइल गळून पडलेल्या फाइलला, तेही तिचं मूळ प्रोफाइल माहीत असेल तरच.