अनुभव धागा: आपण मराठवाड्यातले अन् समुद्रातली होडी

तर मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे माझा स्वतःचाच झालेला पोपट. लेकरांच्या सुट्ट्या संपायच्या आत उरकून घ्यावं म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात संभाजीनगरहून रात्रभर गाडी हाणत मुरुडला गेलो, जंजिरा बघायला, तर राजपुरीच्या जेट्टीवर चिटपाखरू नाही, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. एक म्हातारा जाळं शिवत बसलेला, तो म्हणला पावसाळ्यात २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी होड्या बंदच असतात, कुठनं आलात? संभाजीनगर म्हणल्यावर त्यानं सुई थांबवून असं बघितलं की बस. किल्ला समोर दिसायलाय, पोरगं म्हणतंय पप्पा पोहत जाऊ, अन् बायको काहीच बोलत नव्हती, ते जास्त बेकार.

आता दिवाळीनंतर परत जायचंय. कोकणातल्या माणसाला विचारावं तर तो म्हणतो "त्यात काय, बसायचं नि जायचं", त्याला कळतच नाही आपल्याला काय माहीत नाही ते. म्हणून आपल्याच आठ जिल्ह्यांतल्या लोकांनी लिहा. बेट, किल्ला, फेरीबोट, शिडाची होडी, काहीबी चालंल, धरणातलं बोटिंगबी चालंल. फजिती असली तर ती आधी.

पैठणचा पाणकावळा

धरणाचं नाव काढलं म्हणून मी पहिला. नाथसागरला, म्हणजे आमच्या जायकवाडी धरणाला, तळं समजू नका राव. भिंतच दहा किलोमीटरची, दरवाजे २७, १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली अन् १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगतं. पण पाणी परातीसारखं पसरट, त्यामुळं वारा सुटला की त्याला अडवायला मधी काहीच नाही. जानेवारीत माझ्या भोई दोस्ताच्या होडीतनं फ्लेमिंगो बघायला गेलतो, सकाळी पाणी तेल ओतल्यागत गप्प, अन् अकराला परत निघालो तर लाटा अशा आखूड अन् ताठ की होडीचं नाक एकीतनं वर येस्तोवर दुसरी अंगावर. दोस्तानं वल्हं माझ्या हातात दिलं अन् स्वतः तेलाचा कापलेला डबा घेऊन पाणी उपसायला बसला. एवढंच म्हणला, "आडवी होऊ देऊ नको." म्हणजे लाट कुशीवर घ्यायची नाही, नाकावर घ्यायची. नंतर मालवणला इंजिनच्या बोटीत बसलो तर तिथला माणूसबी तेच करू लागलेला, फक्त त्याच्याकडं डबा नव्हता. माझं मत विचाराल तर समुद्रावर पैसे घालायच्या आधी एक सकाळ पैठणला घाला.

लातूरची सून

आम्ही डिसेंबर २०१६ ला गेलेलो, सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट करत मालवण. त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, त्यामुळं सासूबाईंच्या डोक्यात पाणी म्हणलं की फक्त घागरी, टँकर अन् नंबर. धक्क्यावरनं सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, पण त्यांनी माझा हात असा धरला की बांगडीचा वळ उठला. चहूकडं एवढं पाणी बघून म्हणतात कशा, "काय उपेग, वरणातबी चालंना."

मग किल्ल्यात गाईडनं दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवली, समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांना पटंना. पोहरा मागवला, ओंजळीत घेऊन चाखलं, परत चाखलं, अन् गाईडला विचारलं, इथं टँकर कितीला पडतो? तो बिचारा हसला, त्याला वाटलं गंमत करायल्यात. त्यानं मग १६६४ ला महाराजांनी काम सुरू केलं, पायात शिसं ओतलं, चुन्यातला हाताचा ठसा, पायाचा ठसा सगळं सांगितलं, पण सासूबाईंचं ध्यान विहिरीतच. येताना पाण्याची बाटली तिथनं भरून आणली, लातूरला आल्यावर शेजारच्या काकूंना एक एक घोट दिला. बोटीबद्दल मला काही आठवत नाही खरं सांगायचं तर, डोळे मिटलेले होते माझेपण.

हिंगोलीवाला

गेटवे ते घारापुरी, तासाभरात तीनदा ओकलो. उपाशीपोटी जाऊ नका अन् वडापाव हाणूनबी जाऊ नका. गोळी बोटीत बसल्यावर नाही, निघायच्या आधी अर्धा-एक तास घ्यायची हे मला बोटीतल्या एका आजीनं सांगितलं, तेबी तिसऱ्यांदा झाल्यावर. अन् मोबाइल बघू नका, लांब क्षितिजाकडं बघा. सोमवारी लेण्या बंद असतात, ते एक.

बीडचा भाऊ

धागाकर्ते दादा, जंजिऱ्याचं मी सांगतो, २०१७ ला गेलतो. राजपुरीहून शिडाची होडी, इंजिन नाही. मला वाटलं सरळ किल्ल्याकडं जाईल, तर होडी भलतीकडंच तोंड करून निघाली, आमच्यातला एकजण ओरडला अहो मामा किल्ला तिकडंय. तांडेल काही बोलला नाही. शिडाचा दोर त्यानं पायाच्या अंगठ्यात अडकवलेला अन् हात सुकाणूवर, वारा जोरात आला की अंगठा जरा ढिला करायचा, कमी झाला की आवळायचा, अन् तोंडानं बिडी चालू. थोडं पुढं जाऊन शीड दुसऱ्या अंगाला फिरवलं अन् बरोब्बर दरवाज्यासमोर. तो दरवाजाबी असा की अगदी जवळ जाईस्तोवर भिंतीत दिसतच नाही.

खरी गंमत उतरताना. पायऱ्यांना होडी लागते पण थांबत नाही, हातभर वर जाते हातभर खाली येते. होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना टाकला की गेलात. माझ्या पुढच्या माणसानं गॉगल, पर्स, पोरगं सगळं सांभाळत खाली जातानाच पाय टाकला, दोघा खलाशांनी काखेत धरून पोत्यागत वर फेकला. चप्पल गेली. वर गेल्यावर पाऊण तास देतात, कलाल बांगडी तोफ अन् गोड्या पाण्याचे तलाव बघस्तोवर हाका सुरू. लाइफ जॅकेट मळकट असलं तरी घाला, नाकं मुरडू नका. डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीचं काय झालं, ती कशी बुडाली ते सगळ्यांना माहीत आहे.

गोदाकाठचा खलाशी

मूळ नांदेड, नोकरी मुंबई. ऑफिसातल्या एकाकडं छोटी शिडाची बोट आहे, म्हणजे तीन जणांत मिळून घेतलेली जुनी, दोन बाकडी अन् एक स्टोव्ह. शनिवारी निघायचं, मांडव्याच्या बाजूला रात्री नांगर टाकायचा, रविवारी खांदेरीला वळसा घालून परत, असा बेत. खांदेरी म्हणजे थळच्या समोरचं बेट, महाराजांचा किल्ला, दीपगृह, अन् एक दगड जो वाजवला की भांड्यागत वाजतो. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत जे किल्ले गेले त्यात हा पण आहे.

वारा पडलेला, पोचायला रात्रीचे नऊ वाजले. दोरीला वजन बांधून खोली मोजली, चार मीटर. आमच्या बोटीला खाली कील असतं, जड पंखासारखं, ते दीड मीटर. म्हणजे भरपूर पाणी. खिचडी केली, ठेचा होता घरचा, झोपलो. मी एकदम निवांत, कारण आपल्या डोक्यात पाणी म्हणजे विष्णुपुरी धरणाचं, दरवाजे उघडल्याशिवाय रात्रीतनं कुठं जात नाही ते.

तीनच्या सुमाराला अंगावर खिचडीचं पातेलं पडलं. मग स्टोव्ह. मग मी स्वतः बाकड्यावरनं समोरच्या भिंतीवर, म्हणजे ती भिंत आता जमीन झालेली. बाहेर डोकं काढलं तर बोट गाळात कुशीवर पडलेली, अन् चांदण्यात लांबपर्यंत चिखल चमकायलाय. बोटमालक म्हणला ओहोटी. एवढंच. आम्ही तिघं कुशीवर झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर बगळे बसतात तसं कडेला बसून राहिलो. सव्वापाचला बोटीखाली बुडबुडे यायला लागले, सहाला ती आपोआप सरळ झाली, काही तुटलं नाही. खांदेरी राहिलं, सरळ परत. चूक सगळी आमचीच, ॲपवर वेळा बघायच्या होत्या, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं बघितल्या.

परभणीचे गुर्जी

ॲप कशाला? तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती, कोकणातले जुने लोक असंच काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सवासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी चढतंबी जास्त अन् उतरतंबी जास्त, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. पाच-पंचवीस मिनिटं इकडं तिकडं होतात, पण बोट चिखलात निजत नाही. तुमची तिथी कोणती होती?

गोदाकाठचा खलाशी

थांबा गुर्जी, कॅलेंडर बघतो.

द्वादशी निघाली. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे आम्ही नांगर टाकला तेव्हा टम्म भरती, अन् तीनला तळ.

अन् त्या दिवशी सकाळी आईचा नांदेडहून फोन आलेला, म्हणली एकादशी सोडली आत्ताच, तू काही खाल्लं का. मी म्हणलो ठेव, बोटीचं सामान भरायलोय.