केकी मूस चाळीसगावातच राहिले
भाऊ, वर तुम्ही लिहिलंय की मुंबई-दिल्ली गाठल्याशिवाय किंवा परदेशात स्थायिक झाल्याशिवाय कलावंताला कुणी विचारत नाही. मला हे पटत नाही. आमच्या चाळीसगावचे केकी मूस घ्या. इंग्लंडमध्ये फोटोग्राफी शिकून ते परत आले आणि १९८९ साली जाईपर्यंत स्टेशनजवळच्या आपल्या घरातच राहिले. बाहेर पडणंही जवळजवळ सोडलेलं. त्या घराचं आता संग्रहालय झालंय.

टेबलटॉप फोटोग्राफी ही त्यांची खासियत. टेबलावर किरकोळ वस्तू मांडायच्या, उजेड नेमका तिरपा पाडायचा, की फोटोत अख्खा देखावा उभा! मी मे महिन्यात गेलो होतो, बाहेर अंग भाजत होतं. एका फोटोसमोर सावल्या कुठून पडल्यात ते शोधत कितीतरी वेळ उभा राहिलो, उमगलं नाही.

वाईट याचं वाटतं की माझ्या शाळेची सहल दोनदा पाटणादेवीला गेली, चाळीसगावातूनच, पण हे घर कुणी दाखवलं नाही. नोकरीला लागल्यावर मी स्वतःहून गेलो. भुसावळकडून येणार असाल तर सांगा, स्टेशनावरून पायीच जाऊ. मी येतो सोबत.