वाचन कच्चं म्हणून पत्रकारिता बंद?

शाईचा डाग
मी हायस्कूलला पत्रकारिता शिकवतो, म्हणजे माझी बाजू कुठली ते आधीच सांगून टाकलं. ऐच्छिक विषयाला तास एकच आणि पर्याय तीन, पत्रकारिता, वाचन आणि इंग्रजी भाषा कौशल्य. पर्याय हे आपलं म्हणायला. वर्षाच्या सुरुवातीला चाचणी होते, ज्याचं वाचन कमी भरलं त्याला परस्पर वाचनाच्या तासाला टाकतात, ज्याचं इंग्रजी कच्चं तो भाषा कौशल्याला, आणि माझ्याकडे उरतात ती मुलं ज्यांना आधीच सगळं येतं. यंदा एक मुलगी तीनदा येऊन विचारून गेली, सर मला शाळेच्या बातम्यांच्या अंकाचं काम करायचंय. नाव वाचनाच्या यादीत.

माझं म्हणणं, या मुलांना वाचायला कारण द्या. गेल्या वर्षी असाच एक "कच्चा" मुलगा कसाबसा माझ्या वर्गात आला. धावण्याच्या शर्यतीची बातमी लिहून आणली, पाहुणे आले, भाषण झालं, सर्वांनी आनंद व्यक्त केला. मी म्हटलं, सर्वांनी म्हणजे किती जणांना विचारलंस? गप्प. परत गेला, दोघांना विचारून आला, त्यातला एक जाम चिडलेला, कारण त्याची शर्यत दोनदा घ्यावी लागली होती. बातमी ती होती! पोराने तो परिच्छेद पाच वेळा वाचून काढला, कारण खाली त्याचं नाव छापून येणार होतं. धड्याखालच्या प्रश्नांसाठी कोण पाच वेळा वाचतं?

ओळीखाली बोट
सर, तुमच्या त्या मुलाला वाचता येत होतं, फक्त वाचायचा कंटाळा होता. माझ्या वाचनाच्या वर्गातली मुलं वेगळी आहेत. दहावीतला मुलगा "परिस्थिती" हा शब्द पहिल्या दोन अक्षरांवर ओळखतो आणि पुढचं ठोकून देतो, कधी परीक्षा तर कधी परिसर. ओळ संपेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते आणि मग तो मान खाली घालून बसतो, कारण वर्गातल्या बाकीच्यांना कळू द्यायचं नसतं. गफ आणि टन्मर या संशोधकांनी 1986 मध्ये साधं सूत्र मांडलं, की अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचून कळणं. बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्याजवळ असली की दुसरीकडे कितीही उत्साह ओता, उत्तर शून्याजवळच.

आणि "हातात काहीतरी द्या, वाचेल आपोआप" हेही फार ऐकलंय. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीने 2000 साली अभ्यास तपासले तेव्हा शिक्षकाने समोर बसून, चुका सांगत मोठ्याने वाचून घेण्याचा फायदा दिसला, पण नुसतं मुकाट वाचायला बसवून ओघ सुधारतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. तो समोर बसण्याचा वेळ तुमच्या डेडलाइनच्या गडबडीत कोण देणार?

अर्धविराम
बाईंचं पटतंय, पण एक सांगा, तुमच्या तासाला बसलेल्या सगळ्यांचीच अक्षरं अडतात का? का निम्मी फक्त चाचणीच्या दिवशी झोपेत होती? एका चाचणीवर वर्षाचा विषय ठरवायचा म्हणजे जरा जास्तच होतंय.

ओळीखाली बोट
नाही, सगळ्यांची नाही. तिथे तुम्ही बरोबर आहात.

कोरा कागद
मी वेगळंच म्हणतो, पत्रकारिता विषय म्हणून ठेवूच नका, शाळा सुटल्यावरचं मंडळ ठेवा. एकदा मार्क आले की अंक शाळेचा होतो. 1983 मध्ये अमेरिकेत हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या अंकातली दोन पानं काढून टाकली, विषय होते किशोरवयीन मुलींचं गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि 1988 साली 5 विरुद्ध 3 असा निकाल शाळेच्या बाजूने लागला. शाळेच्या बाजूचा एक मोठा मुद्दा हाच, की अंक पत्रकारितेच्या तासाचा भाग होता. म्हणजे ज्याला तुम्ही "खरी बातमी" म्हणताय ती मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंतच खरी.

शाईचा डाग
@कोरा कागद अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच देशात कॅन्सस राज्याने 1992 मध्ये विद्यार्थ्यांच्या अंकांना संरक्षण देणारा कायदा केला, आणि 2017 मध्ये तिथल्याच पिट्सबर्ग हायस्कूलच्या मुलांनी नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या पदव्या तपासल्या, मेळ बसेना म्हणून छापलं, आणि त्यांनी रुजू होण्याआधीच राजीनामा दिला. तेव्हा मंडळ की विषय हा प्रश्न नाही, नियम काय आहे हा प्रश्न आहे. आणि शाळा सुटल्यावर ज्यांना घरी कामं असतात ती मुलं तुमच्या मंडळाला येणारच नाहीत, परत तीच "सगळं येणारी" येतील.

क्रियापद हरवलं
इंग्रजीचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी. भाषा कौशल्य शिकवते. कृपा करून इंग्रजी नवीन असलेल्या मुलांना बातम्यांवर इंग्रजी शिकवू नका, निदान मथळ्यांवर तरी नाही. मथळ्यात "द" गाळतात, "इज" गाळतात, काल घडलेलं वर्तमानकाळात लिहितात आणि उद्याचं "टू" लावून. "मिनिस्टर टू ओपन ब्रिज" वाचून एकाने निबंधात "आय टू गो होम" लिहिलं, वर मलाच म्हणतो, मॅडम पेपरात असंच असतं. काय सांगणार, पेपरात असतंच.

अर्धविराम
हाहा, मग तेच शिकवा ना! मथळ्यातलं काय गाळलंय ते भरून पूर्ण वाक्य करा. तुमच्या रिकाम्या जागांपेक्षा बरंच.

क्रियापद हरवलं
ते करतेच. पण आधी पूर्ण वाक्य कानात बसलेलं लागतं, मग काय गाळलंय ते कळतं.

शाईचा डाग
@ओळीखाली बोट तुमचा गुणाकार डोक्यातून जात नाहीये. ज्यांची खरंच अक्षरं अडतात त्यांना तुमच्याकडून काढा असं मी म्हणणार नाही, सुरुवातीला तसं वाटलं असेल तर चूक माझी. पण तुमच्या वर्गात मोठ्याने वाचायला उतारा कुठला घेता? माझ्या मुलांच्या बातम्या द्यायला मी तयार आहे, छापण्याआधी. तुमच्या मुलांनी वाचायच्या, जिथे अडखळतील तिथे खूण करायची, वाक्य आम्ही बदलू. चुकीला जागा राहणार नाही आणि ती तीनदा आलेली मुलगी निदान अंकाच्या कामात येईल.

ओळीखाली बोट
उतारे देते कंपनी, ससा आणि कासवाच्या वयाचे, दहावीतल्या मुलांना लाज वाटते वाचायला. द्या पाठवून. पण अडखळले की वाक्य लगेच सोपं करू नका, आधी मला त्यांच्याकडून तीनदा वाचून घेऊ दे. आणि विषयाची यादी बदलायचं मात्र तुम्हीच मुख्याध्यापकांना सांगा, मी नाही जाणार.