सी ड्राइव्ह फॉरमॅट करून भागत नाही
नुसता सी फॉरमॅट केला तरी व्हायरस परत आला म्हणताय, तर तो बहुतेक डी ड्राइव्हमधल्या जुन्या सेटअप फाइल्समधून आला असणार, माझंही एकदा हेच झालेलं. फोटो, डॉक्युमेंट्स तेवढे बाहेर काढा, सेटअप आणि क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवायच्या फाइल्स, सोडून द्या (क्रॅकमधूनच तर येतं हे बऱ्याचदा!). मग दुसऱ्या चांगल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) घेऊन निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा, त्यातलं सगळं उडतं हां, आणि आपलं मशीन त्यावरून बूट (चालू) करून कस्टम इन्स्टॉलमध्ये मशीनच्या त्या डिस्कची सगळी पार्टिशन्स (सी, डी वगैरे भाग) डिलीट मारा. आधीचं विंडोज १० ओरिजिनल असेल तर तीच एडिशन (होम, प्रो वगैरे) टाका, नेट जोडलं की सहसा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. बॅकअप स्कॅन करूनच परत टाका. आणि पासवर्ड बदलाच, आधी मेलचा.